अर्ज पाठवल्यावर चूक दिसली तर...

रात्री साडेअकराला पौडहून एका मुलीचा फोन आला. "ताई, फॉर्ममध्ये प्रवर्ग 'खुला' पडलाय. फीसुद्धा भरली." फॉर्म नेटकॅफेवाल्याने भरला होता, तिने प्रिंट घरी येऊन वाचली. आपल्या मुळशीत हे नेहमीचंच.

अशा वेळी घाबरून लगेच दुसरा फॉर्म भरू नका. दोन अर्ज आले तर काय करायचं हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, ते आधी वाचा. कर्मचारी निवड आयोगाच्या म्हणजे एसएससीच्या भरतीत मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी ठरावीक दिवस मिळतात. पहिल्या दुरुस्तीला 200 रुपये, दुसऱ्या वेळी 500. ते दिवसही गेले असतील, तर लेखी अर्ज, पुरावे जोडून, आणि पोच घ्यायचीच. फोनवर "बघतो" म्हणाले, याला काही अर्थ नसतो.

बिहारच्या एका पोलीस शिपाई उमेदवाराच्या अर्जात जन्मतारीख 18 डिसेंबरऐवजी 8 डिसेंबर पडली होती. तोही फॉर्म सायबर कॅफेतूनच भरलेला. परीक्षा पास होऊनही त्याला बाद केलं. 2 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : चूक क्षुल्लक होती, तिचा त्याला काही फायदाही झाला नव्हता. पण त्यासाठी त्याला दिल्लीपर्यंत लढावं लागलं, हेही विसरू नका. आणि प्रवर्गाची चूक जन्मतारखेइतकी किरकोळ धरतीलच असं नाही.

आपल्या मुलांची एक वेगळीच भीती मी पाहते. धर्म 'बौद्ध' लिहिला तर आरक्षण जाईल, म्हणून काहीजण 'हिंदू' लिहितात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. मूळ जात यादीत हवी आणि दाखला जाहिरातीतल्या नमुन्यात हवा, एवढंच. 'बौद्ध' लिहिणं ही चूक नव्हे. तो खोडून घ्यायला धावू नका.

हिंजवडीच्या खासगी कंपनीला चुकीचा बायोडेटा गेला असेल तर काम सोपं आहे. त्याच मेलखाली दोन ओळी आणि नवी फाइल पाठवा. माफीचा निबंध नको. स्पेलिंग चुकलं असेल तर तेवढ्यासाठी मेल करूच नका. पण मोबाइल नंबर, पगार किंवा अनुभवाची वर्षं चुकली असतील तर त्याच दिवशी कळवा. मुलाखतीत उघड झालं, तर ते खोटं ठरतं.

त्या मुलीच्या दुरुस्तीला दोन दिवस बाकी होते. सकाळी ती दाखला घेऊन आली. या वेळी स्क्रीनवरचा प्रत्येक रकाना तिने स्वतः मोठ्याने वाचला.