ईशापूरची .३१५ रायफल

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता जिथे वाघूर नदी ओलांडतो, तिथे पहूर पेठ आणि पहूर कसबे ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर वसली आहेत. या मुलखाचा बंदुकीशी असलेला संबंध फार जुना आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील कप्तान जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीसाठी याच वाघूरच्या खोऱ्यात शिरला असता त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा भिल्लांचा विश्वास त्याने संपादन केला तो बव्हंशी त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन. आज वाघ नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारही नाही. परंतु मका, केळी आणि कपाशीच्या शेतांत रात्री शिरणारी रानडुकरे व रोही यांमुळे पीकसंरक्षणाचा परवाना आणि त्यावरील बंदूक या गोष्टी येथील मोठ्या शेतकऱ्याच्या घरात अजून टिकून आहेत.

त्या परवान्यावर रायफल असेल तर ती बहुधा .३१५ ची, म्हणजे बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, असते. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. किंवा लंडनच्या रिग्बीसारखी कीर्ती तिला कधी लाभली नाही. शस्त्रांच्या जाणकारांत तिचा उल्लेख झालाच तर तो काहीशा उपेक्षेनेच होतो. मला ही उपेक्षा अन्यायाची वाटते, आणि तिचे कारण या रायफलीच्या धातूत नसून तिची किंमत ठरवण्याच्या आपल्या पद्धतीत आहे असे माझे मत आहे.

तिचा बोअर असा का, हे आधी सांगितले पाहिजे. फौजेची .३०३ काडतुसे रयतेच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारने तो बोअर खासगी परवानेदारांना मना केला, तेव्हा ऑस्ट्रियन फौजेच्या मॅन्लिखर रायफलीसाठी निघालेले आठ मिलिमीटरचे, बुडाशी कंगोरा असलेले काडतूस विलायती कारखानदारांनी उचलले आणि ते ली-एन्फील्डच्या यंत्रणेत बसवून हिंदुस्थानच्या बाजारासाठी शिकारी रायफली घडवल्या. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही फौजी बोअरवरील निर्बंध कायम ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून फौजेसाठी रायफली घडवणाऱ्या ईशापूरला हाच वारसा पुढे चालवता आला. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार होत आली आहेत. याच ईशापूरने १९६० च्या दशकात त्याच जुन्या यंत्रणेला अधिक मजबूत पोलादाची जोड देऊन ७.६२ मिलिमीटरची, बारा काडतुसांच्या खजिन्याची फौजी रायफल सिद्ध केली होती. तेव्हा या कारखान्याला धातूचे ज्ञान नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल.

तथापि सगळेच नग सारखे नाहीत, हेही तितकेच खरे. एखाद्याचे लाकूड आणि लोखंड इतके चपखल जुळलेले असते की सांध्यात नख शिरत नाही, तर दुसऱ्याचा दस्ता जाडजूड, पॉलिश ओबडधोबड आणि बोल्ट करवतीसारखा खरखरत चालणारा असतो. म्हणून या रायफलीची पारख शिक्क्यावरून करणे निरर्थक होय. ती नगावरून केली पाहिजे.

पारख आतून सुरू होते. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट काढावा आणि नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहावे. पेचदार आटे तोंडापर्यंत धारदार दिसले, मध्ये काळी वर्तुळे किंवा फुगवटा आढळला नाही, तर निम्मे काम झाले. जुन्या काडतुसांच्या टोपीतील दारूचे क्षार नळीत राहून हवेतली ओल शोषतात. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन तेल न लावलेली रायफल एका पावसाळ्यात आतून खाल्ली जाते, आणि वरून ती कितीही चकचकीत असली तरी तिचा नेम कायमचा गेलेला असतो. त्यानंतर नळीच्या तोंडाची कड पाहावी, कारण गोळीचा शेवटचा स्पर्श तिथे होतो आणि पुढून गज घालून साफ करणाऱ्यांनी तीच कड सर्वांत अधिक झिजवलेली असते.

मग बोल्ट. या यंत्रणेची पकड बोल्टच्या मागच्या बाजूस असते, आणि बोल्टचे डोके वेगळे, आट्यांवर फिरवून बसवलेले असते. हे डोके दुसऱ्या रायफलीचे असेल किंवा झिजले असेल तर काडतुसाच्या कंगोऱ्यामागे जागा राहते आणि पुंगळी फाटण्याचा धोका संभवतो. बोल्टवरील आणि नळीवरील क्रमांक एकच आहेत की नाहीत हे पाहण्याचे कारण हेच. पंचनाम्याच्या सोयीसाठी तो क्रमांक घातला आहे असे समजणारे मालक मी पाहिले आहेत. ही जागा मापाने मोजण्याचे काम परवानेधारक बंदूकदुरुस्ताचे आहे, आणि तिथे काटकसर करू नये.

आता किंमत. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर परदेशी शस्त्रांची आयात खासगी परवानेदारांसाठी जवळजवळ बंद झाली, आणि देशात आधीच असलेल्या विलायती बंदुका केवळ दुर्मिळतेने महाग झाल्या. परिणामी आटे झिजलेल्या बी.एस.ए.ला भाव येतो आणि निकोप नळीची ईशापूर अल्प किमतीत मागितली जाते. त्यातही विकणाऱ्याची बाजू दुबळी असते, कारण गिऱ्हाइकाकडे परवाना नसेल तर व्यवहारच होत नाही. वडील वारल्यावर वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा राहते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रांची मुभा ठेवल्यामुळे अनेक घरांना तिसरे शस्त्र काढून टाकावे लागले. अशा सक्तीच्या विक्रीत ठरलेला भाव हा रायफलीच्या गुणांचा निर्णय मानता येत नाही.

माझ्या मते तिचे खरे मोल शेताच्या बांधावर, वनखात्याची लेखी परवानगी हाती असताना, शंभर पावलांच्या आत ती काय करते यावर ठरते. सुमारे सोळा ग्रॅमची जड, मध्यम वेगाची गोळी त्या अंतरावर मोठ्या रानडुकरासाठी पुरेशी आहे. दूरच्या नेमासाठी ती योजलेलीच नाही, आणि त्या कसोटीवर तिला नापास करणे गैर आहे. घेण्यापूर्वी अधिकृत मैदानावर, रेतीच्या पिशवीवर टेकवून, शंभर यार्डांवर तिच्या खजिन्यात मावतात तेवढी पाच काडतुसे उडवून पाहावीत. पाचही छिद्रे एका तळहाताखाली झाकली गेली, पुंगळ्या न अडकता बाहेर पडल्या आणि त्यांच्या बुडाशी तडा दिसला नाही, तर मागितलेली रक्कम मोजून द्यावी. छिद्रे विखुरली तर आधी माशी हलते का, दस्त्याचा मोठा स्क्रू सैल आहे का, हे तपासावे, कारण खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पुष्कळदा नळीच्या माथी मारलेला दोष त्या एका स्क्रूचाच निघतो.