लांब पल्ला, पण घर जवळ

पहाटेचे अहिल्यानगर दिवसाच्या शहराहून फार निराळे असते. दिल्ली दरवाजा, चितळे रोड, माळीवाडा ही एरवी गजबजलेली ठिकाणे तेव्हा मोकळी असतात. अशा वेळी पायांत बूट चढवून एकट्यानेच पाच, आठ, कधी दहा किलोमीटरचा पल्ला गाठणारे ज्येष्ठही असतात. कोणी चालतात, कोणी संथ धावतात, तर कोणी दोहोंची सांगड घालतात. आपण त्यांपैकी एक असाल, किंवा आपल्या घरातील वडीलधारे तसे करीत असतील, तर पुढील विचार आपल्यासाठीच आहे.

वय हा धावण्यातला अडसर नव्हे, हे अनेकांनी दाखवून दिले आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील बारामती येथे, साठी ओलांडलेल्या लता भगवान करे या पतीच्या उपचारांचा खर्च भागविण्यासाठी नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पंजाबचे फौजासिंग यांनी पहिली पूर्ण मॅरेथॉन २००० साली लंडनमध्ये धावली, तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले जात होते.

या फौजासिंगांचा अंत मात्र विचार करायला लावणारा आहे. १४ जुलै २०२५ रोजी ते आपल्या गावाजवळ फिरावयास निघाले असता वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. पायांनी वा श्वासाने नव्हे, तर रस्त्याने त्यांना दगा दिला. म्हणूनच कुटुंबात नेहमी विचारला जाणारा 'या वयात हे हवे कशाला?' हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारावयास हवा : कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी आणि घरी काय सांगून?

प्रथम वाटेचा विचार करू. शहराच्या पूर्वेस डोंगरावर चांदबिबी महाल या नावाने ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर आहे. भिंगारमार्गे तिथवर जाण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु सरळ जाऊन परत येण्याच्या वाटेत एक दोष असतो. आपण थकू लागतो, नेमके तेव्हाच घर सर्वांत दूर असते. ऊन चढलेले असते, जवळचे पाणी संपलेले असते आणि थांबावेसे वाटले तरी परतीचे अंतर चुकत नाही. शिवाय उतारावर गुडघ्यांना बसणारा ताण चढावाहून अधिक जाणवतो.

यापेक्षा फुलाच्या पाकळ्यांसारखी वाट आखावी. घर हा मध्य धरून दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या वेगवेगळ्या दिशांना घ्याव्यात. चार फेऱ्यांत आठ किलोमीटर होतात, परंतु कोणत्याही क्षणी आपण घरापासून एका किलोमीटरपलीकडे नसतो. दर फेरीला दारात दोन घोट पाणी घेता येते, घरच्यांना आपली चर्या दिसते आणि थांबावयाचे झाल्यास संकोच वाटत नाही.

आता वेळेचा विचार. आपल्या भागात हिवाळ्याची पहाट कडाक्याची थंड असते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. त्यामुळे हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ऊन पडल्यावर निघणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात याउलट, ऊन तापण्यापूर्वी परतावे. अंधारात निघावेच लागले, तर अंगात फिकट रंगाचे कपडे असावेत. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे.

वेग बोलण्यावरून ओळखावा. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीची गती मंद राहते, त्यामुळे केवळ घड्याळावरील आकड्यावर विसंबू नये. वाढत्या वयात तहानेची जाणीवही बोथट होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. मात्र मूत्रपिंड वा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. दीर्घ श्रमानंतर कित्येक तासांनीही साखर उतरू शकते, हे घरच्यांनाही ठाऊक असावे. लांब पल्ल्याचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी एकदा वैद्यकीय तपासणी करून घेणे हे तर ओघाने आलेच.

छातीत दडपण, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, घेरी, थंड घाम यांपैकी काहीही जाणवले, तर 'एवढी फेरी पुरी करू' असे म्हणू नये. तिथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काळजी घेणाऱ्या मुलासुनांनाही एक विनंती. वडीलधाऱ्यांना सरसकट मनाई केली, तर पुष्कळदा ते न सांगता जाऊ लागतात आणि धोका उलट वाढतो. त्यापेक्षा एक साधा करार करावा : निघताना वाट आणि परतण्याची वेळ सांगावी, खिशात फोन आणि नाव, औषधे, घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी घरून फोन यावा. दर फोनमध्ये धाक नको, चौकशी असावी.

एकट्याने चालणे वा धावणे म्हणजे एकाकी होणे नव्हे. वडिलांना त्या तासाभरात मिळणारे स्वातंत्र्य त्यांच्या औषधाइतकेच मोलाचे असते. येत्या रविवारी त्यांच्यासोबत बसून घराभोवतीच्या दोन फेऱ्या कागदावर आखा आणि पहिली फेरी त्यांच्याच गतीने, त्यांच्या बरोबरीने चालून पाहा. रस्त्यातले खड्डे, मोकाट कुत्र्यांच्या जागा आणि बसण्याजोगे कट्टे तेव्हाच ध्यानात येतील.