तालीम, तारे आणि बोरू

मुलांनो, ‘कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली’ असा पत्ता लिहिताना आपण दोन अरबी शब्द लिहितो, हे तुमच्या ध्यानात आले आहे काय? ‘तालुका’ ज्या शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ संबंध. ‘जिल्हा’ ज्यापासून निघाला, त्याचा अर्थ बरगडी किंवा बाजू. बहमनी व आदिलशाही राजवटींत कारभारात फारसी भाषा चाले. तिच्या संगतीने असे कितीतरी अरबी शब्द मराठीत आले आणि घरचेच होऊन गेले. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत दहा-बारा मुले एकत्र जमली, तर पाठांतराचा जाच न होता अरबीशी त्यांची ओळख होऊ शकेल. ती कशी, ते पाहू.

पहिला धडा तालमीत गिरवावा. कुंडलचे कुस्तीचे मैदान प्रसिद्ध आहे. आपण तालीम म्हणतो ती कुस्तीची जागा. अरबीत मात्र ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, ‘इल्म’ म्हणजे ज्ञान आणि ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक. अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. हुकूम, हाकीम, हुकमत हे शब्द उच्चारून पाहा. ह, क, म ही व्यंजने तिन्हींत आढळतील. 1942 च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले आणि कुंडल हे त्याचे मोठे केंद्र बनले. त्या प्रतिसरकारच्या ‘तुफान सेने’तील ‘तुफान’ही अरबीच, तेथे त्याचा अर्थ महापूर.

दुसरा धडा आकाशाचा. मे महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास डोक्यावर सिंह राशी दिसते. तिच्या शेपटाशी असलेल्या उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्याला युरोपात ‘डेनेबोला’ म्हणतात. हे नाव ‘दनब अल्-असद’, म्हणजे सिंहाचे शेपूट, या अरबी शब्दांवरून आले. मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेस श्रवण तारा वर आलेला असतो. त्याचे ‘आल्टेर’ हे नाव ‘उडता गरुड’ या अर्थाच्या अरबी नावातून निघाले आहे.

देणेघेणे एकाच बाजूचे नव्हते. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये शून्याच्या गणिताचे नियम सांगितले. आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे व गणिताचे ज्ञान बगदादला पोहोचले. ‘शून्य’ म्हणजे रिकामे. म्हणून अरबांनी त्यासाठी ‘सिफ्र’ हा त्याच अर्थाचा शब्द योजला. तोच शब्द युरोपात जाऊन रूप पालटत पालटत ‘झीरो’ झाला आणि इंग्रजीबरोबर आपल्या वर्गात परत आला! अरब लोक या अंकांना आजही ‘हिंदी अंक’ म्हणतात. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मी याने बगदाद येथे समीकरणांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील ‘अल्-जब्र’, म्हणजे मोडलेले सांधणे, या शब्दावरून बीजगणिताला ‘अल्जिब्रा’ हे नाव मिळाले.

तिसरा धडा बोरूचा. अरबी लिपीत अठ्ठावीस अक्षरे असून ती उजवीकडून डावीकडे लिहितात. होडीसारख्या एकाच आकाराखाली एक ठिपका दिला की ‘ब’ होतो, वर दोन ठिपके दिले की ‘त’ होतो. सुलेखनकार बोरूच्या टोकाने चौकोनी ठिपका काढतात आणि अशा ठिपक्यांच्या मापाने अक्षराची उंची ठरवितात. म्हणजे चित्रकलेतही गणित आलेच. विजापूरच्या इब्राहीम रोजाच्या खिडक्यांतील दगडी जाळ्या अशाच अरबी अक्षरांच्या कोरल्या आहेत.

छत्रपती शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेऊन कारभारातील अरबी-फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वभाषेचा असा अभिमान योग्यच होय. तरीही खुर्ची, दौत, साबण हे शब्द आपल्या घरांत राहिले. कारण लोकांच्या जिभेने त्यांना आपले मानले. कोणती भाषा आपली व कोणती परकी, हे ठरविण्यापूर्वी म्हणूनच थोडे थांबावे. हजेरी घेताना गुरुजी तुमचे नाव पुकारतात आणि तुम्ही ‘हजर’ म्हणता, तेव्हा तुमच्या मुखातून एक अरबी शब्दच उमटलेला असतो.