तिसरी घंटा देणारी मुलगी

गेल्या वर्षी भाऊबीजेला खडकीला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, जेवणे झाली, सुपारी कातरता कातरता दाजींनी विषय काढला.

"तुमच्या भाचीला नाटकाच्या शाळेत जायचे आहे म्हणे."

"मग जाऊ द्या की!" मी म्हणालो.

"अहो, नटी व्हायचे म्हणाली असती तर एक वेळ समजलो असतो. ही म्हणते, मला पडद्यामागे काम करायचे आहे. खुर्च्या उचलायला का तीन वर्षे शिकावे लागते?"

दाजींचे सारे आयुष्य इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, टूल-रूममध्ये गेले. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना म्हणजे खडकीचे घड्याळच. त्याच्या भोंग्यावर ज्यांनी वर्षानुवर्षे स्वयंपाक केले, मुले शाळेत धाडली, त्या पिढीतले ते. अशा माणसाला 'नाटक' म्हटले की वेळीअवेळी घरी येणे आणि बेभरवशाची मिळकत एवढेच दिसते. यात त्यांचे फारसे चुकते असेही मला म्हणवत नाही. पण मी स्वतः हौशी नाटकांत वीस वर्षे विंगेत उभा राहिलो आहे. टेलिफोनची घंटा नटाने रिसिव्हर उचलल्यानंतर वाजविण्याचा पराक्रमही माझ्या नावावर आहे. तेव्हा भाचीची बाजू घेणे मला भाग होते.

मी विचारले, "दाजी, नाटकाला गेल्यावर तिसरी घंटा ऐकता ना? ती देतो कोण?"

"कोण म्हणजे? असेल कोणी तरी शिपाई."

वाचकांपैकीही बहुतेकांचे उत्तर हेच असेल. तिसरी घंटा होते, आपण खोकला आवरून घेतो, दिवे मंदावतात आणि पडदा सरकतो. पण ती घंटा देण्याची परवानगी देणारा माणूस त्याआधी तासन्‌तास उभा असतो. चहाची किटली जागेवर आहे का, दरवाजा उघडताना अडत नाही ना, सगळे नट रंगपटातून तयार होऊन आले का, दिवेवाला आणि संगीतवाला सज्ज आहेत का, हे सारे पाहून तो मान हलवतो तेव्हा घंटा होते. तेथून पुढे प्रयोग त्याच्या हाती. त्याच्यापुढे नाटकाची एक प्रत असते. कोणत्या वाक्याला दिवा बदलायचा, कोणत्या शब्दाला दारावर थाप, हे तीत नोंदलेले असते. तो आधी 'तयार राहा' म्हणतो आणि मग 'चला'. दिग्दर्शक प्रेक्षागृहात डोळे मिटून बसला तरी चालते. याला पापणी लवविण्याची सोय नाही.

हे काम आजकालचे खूळ आहे असेही नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृह कसे बांधावे याचाच आहे. जमीन मोजताना दोरी तुटू देऊ नये, तुटली तर अनिष्ट ओढवते, असे तेथे बजावले आहे. आपला 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार' या शब्दातूनच आलेला आहे! मराठीपुरते बोलायचे तर १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले तेव्हा रंगविलेल्या पडद्यांऐवजी खऱ्याखुऱ्या खोलीचा आभास लोकांनी पाहिला. १९६२ साली 'तो मी नव्हेच' आले ते फिरता रंगमंच घेऊन. कोर्टातून एकदम दुसऱ्याच गावी जायचे आणि तिथून पुन्हा कोर्टात. पणशीकरांची ती निरनिराळी रूपे आपण आजही आठवतो; पण रंगमंच नेमक्या क्षणी फिरविणारे आणि आतल्या अंधारात कपडे घेऊन उभे असणारे हात कोणाला आठवतात?

दाजी गप्प झाले. पटले म्हणून नव्हे, सणाचा दिवस म्हणून. एवढे मात्र ठरले की, मुलीने प्रयत्न करावा, एकदाच करावा, नाही जमले तर निमूटपणे बँकेच्या परीक्षा द्याव्यात. म्हणजे तिच्या हातात जेमतेम सहा महिने होते.

कुठे शिकता येते?

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. १९६२ पासून १९७७ पर्यंत ज्यांनी त्याला घडविले ते इब्राहिम अल्काझी आपल्या पुण्यातच जन्मले, हे पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नसते. त्यांचे शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये झाले होते. नेपथ्य, वेश, प्रकाश यांचा नाटकाच्या अर्थाशी संबंध असतो, ही शिस्त त्यांनी विद्यालयात आणली. १९६३ साली फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींनाच त्यांनी 'अंधायुग'चे नेपथ्य बनविले. या विद्यालयात पहिल्या वर्षी सर्वांना एकच अभ्यासक्रम असतो आणि शाखा पुढे निवडायची असते. म्हणून 'मला पडद्यामागेच काम करायचे आहे' म्हणणाऱ्यालाही आवाज, शरीर आणि अभिनय यांची लाज सोडावी लागते. पदवी, नाटकांचा प्रत्यक्ष अनुभव, वयाची मर्यादा अशा अटी असतात; त्या वर्षाची प्रवेश-सूचना स्वतः वाचावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

घराजवळचे म्हणाल तर गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. खडकीहून ते हाकेच्या अंतरावर. इंग्लंडमधल्या शाळांत या शाखेसाठी अभिनयाची परीक्षा घेत नाहीत. उमेदवाराने आपले काम बरोबर न्यायचे आणि त्यावर बोलायचे. संस्था कोणतीही असो, 'तू आजवर स्वतः काय केलेस?' हा प्रश्न काही चुकत नाही.

तयारी कशी केली?

भाचीने पहिल्यांदा एक जाडजूड वही आणली आणि तीत कॉलेजातल्या एकांकिकांचे छानछान फोटो चिकटविले. मी ती परत केली. "हे तर नटांचे फोटो आहेत. तू कुठे आहेस?"

मग तिने वही नव्याने मांडली. फोटोशेजारी पहिले वेडेवाकडे रेखाटन आले, मोजमापे आली, खर्चाचा हिशेब आला. रंगमंचाचा आराखडा तिने प्रमाणात काढला. एकास पंचवीस या प्रमाणात एक मीटर म्हणजे कागदावर चार सेंटीमीटर. दहा मीटर रुंदीचा रंगमंच चाळीस सेंटीमीटरांत मावतो. पुठ्ठ्याचा सोफा कापून त्याच आराखड्यावर सरकवून पाहिला, तेव्हा कळले की सोफा अडीच फुटांचा आणि विंगेतली वाट सव्वादोन फुटांची! हा शोध कागदावर लागला तर हसू येते, प्रयोगाच्या दिवशी लागला तर रडू. खडकी बाजारातल्या एका सुताराकडे ती रविवारी जाऊन बसू लागली. 'आम्ही केले' हे शब्द वहीतून काढून 'हे मी केले, हे दुसऱ्याने केले' असे स्पष्ट लिहायला मी तिला लावले. दुसऱ्याचे श्रेय घेणारा पडद्यामागे फार दिवस टिकत नाही.

संध्याकाळी आम्ही एक खेळ खेळत असू. मी एक प्रसंग सांगायचा आणि तिने यादी करायची. 'आई चहा घेऊन येते. दारावर थाप पडते. तेवढ्यात दिवे जातात आणि मुलगा मेणबत्ती लावतो.' वाचायला तीन वाक्ये. पण कामे पाहा. चहा खरा की रंगीत पाणी? किती कप? ते विंगेत कोण भरणार आणि प्रयोगानंतर कोण विसळणार? थाप खरी की ध्वनिमुद्रित? घरातले दिवे गेले तरी मेणबत्ती लागेपर्यंत प्रेक्षकांना नटांचे चेहरे दिसले पाहिजेत, तेव्हा खिडकीतून चांदणे येणार का? काडेपेटी दमट निघाली तर जास्तीची कुठे ठेवलेली? मेणबत्तीजवळ पडदा आहे का? आग विझविण्याचे साधन कोणाच्या हाताशी आहे? पहिल्या दिवशी तिने सहा गोष्टी लिहिल्या, महिन्याभरात पंचवीस होऊ लागल्या. वाचकांच्या घरी असा कोणी उमेदवार असेल तर हा खेळ जरूर खेळावा. त्याला पैसा लागत नाही.

नाटके पाहायची ती मात्र आता निराळ्या डोळ्यांनी. भरत नाट्य मंदिरात किंवा बालगंधर्वला जायचे आणि परतताना सांगायचे की, दिवा कुठे बदलला, का बदलला आणि तू असतीस तर काय केले असतेस. 'छान होते' हे उत्तर बाद.

व्हरांड्यातली मुलाखत

मार्च महिन्यात आम्ही घरच्या व्हरांड्यात खोटी मुलाखत मांडली. मी, माझी बहीण आणि आग्रह करून बसविलेले दाजी, असे तिघे परीक्षक. दाजी वर्तमानपत्र उघडूनच बसले होते.

मी विचारले, "तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग."

भाची घुटमळली. म्हणाली, "तशी मोठी चूक नाही झाली. एकदा ऐन रंगात आलेल्या प्रसंगाला सगळे दिवे गेले. दोन मिनिटे अंधार. पण त्या हॉलचे वायरिंगच जुने होते."

वर्तमानपत्र खाली आले. "किती वॅटचे दिवे होते?" दाजींनी विचारले.

"हजाराचे चार."

"एकाच प्लगवर?"

"हो. पंधरा अँपिअरचा होता."

दाजींनी खिशातले पेन काढले आणि वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. चार हजार भागिले दोनशे तीस. "सतरा पूर्णांक चार. पंधराच्या प्लगवर सतरा! फ्यूज जाणार नाही तर काय होईल? फ्यूज गेला म्हणून थोडक्यात भागले, नाही तर वायर जळाली असती. हे तू आधी मोजले होतेस?"

"नाही, बाबा." तिचे डोळे भरून आले होते.

"मग वायरिंगला कशाला दोष देतेस? आमच्याकडे एखादा जॉब बिघडला तर मी पोराला रागावत नसे. बिघडलेला जॉब कपाटामागे लपविणाऱ्याला मात्र मी दारातून आत घेत नसे. हीच गोष्ट सांग त्यांना. अशीच सांग."

सहा महिने मी जे तिला शिकवू पाहत होतो ते दाजींनी एका वाक्यात सांगून टाकले. नवे दिवे आता थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतात, यंत्रे दरवर्षी बदलतात, आणि ती हाताळायला शाळा शिकवतेच. परीक्षकांना पाहायचे असते ते एवढेच की, अंधार झाल्यावर हा उमेदवार बोट दुसऱ्याकडे दाखवतो की फ्यूज शोधायला धावतो. त्या रात्री दाजींनी तिला प्रत्येक प्लगचा भार मांडायचा तक्ता आखून दिला. मग तेही परीक्षक झाले आणि त्यांनी आपले खरे प्रश्न विचारले. पगार किती? रात्री उशिरा परत कशी येणार? शिकून झाल्यावर काय?

यांना गोड उत्तरे नाहीत आणि तिनेही ती दिली नाहीत. सुरुवातीला मिळकत अनियमित असते, असे ती म्हणाली. मात्र नाटकाखेरीज दूरदर्शनच्या मालिका, नृत्याचे आणि संगीताचे महोत्सव, मोठे समारंभ यांनाही हे कसब लागते. रात्रीच्या प्रयोगानंतर मुली घरी सुखरूप कशा पोहोचतील याची व्यवस्था करणे, हेही रंगमंच-व्यवस्थापकाच्या यादीत असले पाहिजे, असे तिने सांगितले आणि वहीत तसे लिहिलेले दाखविले. दाजी काही बोलले नाहीत. पण मुलाखतीच्या दिवशी तिला सोडायला ते स्वतः गेले.

कोणत्या संस्थेत, ते सांगत नाही. मुलीला संकोच वाटेल. तिथे तिला एक प्रसंग वाचायला देऊन यादी करायला सांगितली. नंतर चुकीचा प्रश्न आलाच. तिने हजाराच्या चार दिव्यांची गोष्ट सांगितली. एका परीक्षकाने विचारले, "मग पुढच्या प्रयोगाला काय केलेत?"

"पुढच्या प्रयोगाला काही केले नाही," ती म्हणाली, "कारण तेव्हा मला माझी चूक कळलीच नव्हती. ती मार्च महिन्यात बाबांनी दाखविली. आता प्रत्येक प्रयोगाआधी हे करते," आणि तिने तो तक्ता पुढे ठेवला.

तिची निवड झाली.

यंदा भाऊबीजेला ती घरी नव्हती. सुटी लागण्याआधी तिच्या वर्गाचा प्रयोग होता. पाने मांडताना तिची जागा रिकामी पाहून मी उगाच दाजींना डिवचले, "काय, गेली ना पोरगी खुर्च्या उचलायला?"

दाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "थांबा जरा, वाढू नका," ते बहिणीला म्हणाले. "साडेसात होताहेत. आता तिची तिसरी घंटा व्हायची असेल."

आणि खरेच, दोन मिनिटे आम्ही सारे काही न बोलता बसून राहिलो.