आधी हिशेब, मग विश्वास

१ जुलै २०१८. रविवार होता आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मूळचे मंगळवेढा भागातले, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारे. पोरं पळवणारी टोळी आली, अशी हाकाटी उठली. जमावाने त्या पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे कोंडून त्यांचा जीव घेतला. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या चित्रफिती देशभर मोबाइलवर फिरत होत्या. त्यातली एक कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. मूळ फितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात, लगेच माघारी येऊन त्याला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापून टाकला आणि मूल उचलून नेणं तेवढं ठेवलं.

राईनपाड्याची घटना अफवेची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण संशय आला तर पोलिसांना बोलवावं, त्यांनी चौकशी करावी आणि खरं-खोटं ठरवावं, ही सरळ वाट जमावाला सुचत नाही किंवा पटत नाही, तेव्हा त्या वाटेवरचा भरवसा उडालेला असतो. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात असाच अफवेतून जमाव जमला. दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले, तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत.

सरकारवर, संस्थांवर, बातम्यांवर लोकांचा विश्वास राहिला नाही, असं आपण हळहळून म्हणतो. मला मात्र वाटतं की अविश्वास हा लोकांचा दुर्गुण नाही. बहुतेक वेळा तो अनुभवातून आलेला असतो. त्याचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न आहे. कागद मागणारा अविश्वास समाजाला जागं ठेवतो. कागद न मागणारा अविश्वास अखेर कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवतो. आपल्या गेल्या सव्वाशे वर्षांत दोन्ही पाहायला मिळतात.

प्लेगचं वर्ष

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. रोगाइतकीच धास्ती सरकारी इस्पितळाची होती. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असं लोक बोलत. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. सामान बाहेर फेकलं गेलं, देवघरं बाटवली गेली, बायकामाणसांची बेअब्रू झाल्याच्या तक्रारी झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

गंमत म्हणजे विज्ञान त्या वेळी सरकारच्याच बाजूने होतं. रोग्याला वेगळं ठेवणं आवश्यक होतं. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक रोगी लपवत राहिले. उपाय बरोबर असून चालत नाही, तो कोणत्या हाताने येतो हेही लोक पाहतात.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीवर, डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एकच होता आणि रोग्याला घरातून हलवणंही दोन्हीकडे होतंच. एकीकडे संगीन घेऊन हलवलं जात होतं, दुसरीकडे पाठीवर घेऊन. विश्वास कसा निर्माण होतो, याचं एवढं स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

सक्ती विसरली जात नाही

परकं सरकार गेलं म्हणून हा धडा कालबाह्य झाला नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना 'केसेस'चं उद्दिष्ट ठरवून दिलेलं होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

ती भीती बरीच वर्षं टिकली. पोलिओच्या मोहिमेत उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये, विशेषतः गरीब मुस्लिम वस्त्यांत, 'या थेंबांनी पोरं वांझ होतात' अशी अफवा पसरली. तिचं खंडन करणारी पत्रकं फारशी उपयोगी पडली नाहीत. मौलवींनी मशिदीतून सांगितलं, वस्तीतल्याच बायका दारोदार गेल्या, पोलिओच्या थेंबांसोबत इतर तक्रारीही ऐकून घेतल्या, तेव्हा दारं उघडली. भारतातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला, हावडा जिल्ह्यातला. मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

ठेवी, बातम्या, मतं

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत हजार रुपयेच काढता येतील, असा पहिला आदेश होता. पुढे तो आकडा वाढत गेला. सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी अडकल्या. एका बांधकाम समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज हजारो बनावट खात्यांच्या आड लपवलेलं होतं. ज्या निवृत्तांनी आयुष्याची पुंजी तिथे ठेवली होती, त्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. बँकेला परवाना होता, लेखापरीक्षण होत होतं, वर नियामक होता. ठेवीदारांनी रस्त्यावर येऊन जाब विचारला. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली आणि २०२१ मध्ये कायदा बदलून विम्याचे पैसे ९० दिवसांत देण्याची तरतूद आली. कागद मागणाऱ्या अविश्वासाची ही कमाई म्हणावी लागेल.

वर्तमानपत्रांनीही आपली पत स्वतःच्या हाताने घालवली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकाच उमेदवाराचं गुणगान जवळपास शब्दशः सारखं छापून आलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. बातमी विकत मिळते हे एकदा कळल्यावर लोक नात्यातल्या ग्रुपवर आलेल्या संदेशाला तेवढंच वजन देऊ लागले, तर नवल नाही.

निवडणुकांचंही तसंच झालं. महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या मतदानाचा संध्याकाळी ५ वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. एवढी वाढ कशी झाली, या शंकेचं उत्तर यंत्रणेकडे होतं. ५ वाजताचा आकडा तात्पुरता असतो, ६ वाजता रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान पुरं करून घेतात आणि प्रत्येक केंद्रावर नमुना १७-सी भरून त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. हे केंद्रनिहाय नमुने सगळ्यांना पाहता येतील असे मांडले असते, तर निम्मी चर्चा तिथेच संपली असती. उलट माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी गावात मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं, तेव्हा जमावबंदी लागू झाली. डिसेंबरमध्ये निवडणुकीचे नियम बदलून सीसीटीव्ही चित्रण आणि इतर इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना मिळण्यावर बंधन आलं. घोटाळा झाला, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण तपासू न देणाऱ्या यंत्रणेवर तिचं काम चोख असलं तरी लोक शंका घेणार.

खोटा साहेब

हल्ली 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लोकांची लूट होते. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे राजमुद्रेचं चित्र, 'तुमच्या आधारकार्डावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका.' शिकलेली माणसंही घाबरून आयुष्याची बचत पाठवतात. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून हे देशाला सांगावं लागलं.

हा गुन्हा चालतो कशामुळे? खरा साहेबही असाच बोलतो, असं अनेकांना वाटतं म्हणून. कचेरीत दटावून घ्यायची, कारण न विचारता सही करायची, पोलिस ठाण्याची पायरी चढायला घाबरायचं, ही सवय लागलेल्या माणसाला तोतया ओळखू येत नाही. नागरिकाशी नीट, लेखी, कारण देऊन बोलणारं सरकार असेल, तर तोतयाचं बोलणं पहिल्या वाक्यातच खटकेल.

मग खोटं काय हे सरकारनेच ठरवावं का? एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तशी तरतूद केली होती. सरकारी कामाविषयीची इंटरनेटवरची कुठली माहिती खोटी वा दिशाभूल करणारी आहे, हे केंद्राचाच तपासणी विभाग सांगणार होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. ज्याच्यावर आरोप, त्यानेच निकाल द्यायचा, याने कुणाचं समाधान झालं नसतं.

मस्टर वाचून दाखवा

खरं-खोटं ठरवण्याची दुसरी वाट राजस्थानातल्या खेड्यांत दिसली. तिथे डिसेंबर १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या. काम साधं होतं. दुष्काळी कामांची मस्टर मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. कोणाच्या नावावर किती दिवस, किती मजुरी. मग ज्याचं नाव आहे तोच उठून सांगायचा की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. अक्षर न ओळखणाऱ्या मजुरांनी तिथे लेखापरीक्षण केलं. १९९६ मध्ये माहितीच्या हक्कासाठी ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. गोव्याने १९९७ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभरचा कायदा लागू झाला.

साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये आणि उत्तराला ३० दिवस. एवढ्या भांडवलावर सामान्य माणसांनी कुलाब्याच्या 'आदर्श' इमारतीसारखी प्रकरणं चव्हाट्यावर आणायला हातभार लावला. त्याची किंमतही दिली. जमिनींचे गैरव्यवहार खणून काढणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना खून झाला.

आज हा कायदा अशक्त होतो आहे. महाराष्ट्राच्या राज्य माहिती आयोगाकडे तुंबलेल्या अपिलांनी लाखाचा आकडा ओलांडला होता. ३० दिवसांत मिळायची माहिती दोन-तीन वर्षांनी मिळाली, तर तिचा उपयोग काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देण्याची वाट आणखी रुंद केली. मस्टरवरचं मजुराचं नाव ही वैयक्तिक माहिती ठरली, तर जनसुनावणीत वाचायचं काय?

लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवावा, असं प्रत्येक सरकार म्हणतं. विश्वास मागून मिळत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात खर्च, निर्णय आणि लाभार्थींच्या याद्या कुणी न मागता जाहीर करण्याचं बंधन आजही आहे. ते पाळायला नवा कायदा, नवं ॲप, नवी मोहीम काही लागत नाही.

आपल्यावरही एक जबाबदारी आहे. 'सगळे चोर आहेत' असं म्हणून घरी बसणाऱ्याला कुठलाही चोर घाबरत नाही. आणि खात्री न करता संदेश पुढे पाठवणाऱ्याने चोरांविरुद्ध काही केलं, असं होत नाही. तेव्हा गावात असाल तर येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा आणि वर्षाच्या खर्चाचा तपशील मागा. शहरात असाल तर आपल्या वॉर्डातल्या एका रस्त्याच्या कामाचा कार्यादेश आणि मोजमाप वही मागा. एकच काम निवडा, एकच अर्ज करा, पण उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.