एक वीजपुरवठा, अनेक प्रेषक : जोडणी आणि तिची परिभाषा

कारखान्यातील दाब, तापमान, पातळी किंवा प्रवाह मोजून त्याचे वर्तमान नियंत्रणकक्षास कळविणाऱ्या उपकरणास ट्रान्समीटर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘प्रेषक’ असे म्हटले आहे. २४ व्होल्टच्या एकाच वीजपुरवठ्यावर अनेक प्रेषक चालविणे ही आज रूढ झालेली पद्धती होय. विषय अभियांत्रिकीचा खरा. परंतु या जोडणीतील काही दोषांचे मूळ तारेइतकेच शब्दातही असते, म्हणून भाषाभ्यासकाने त्याची दखल घेणे अनुचित ठरू नये.

प्रथम एकाच प्रेषकाचा विचार करू. दोन तारांचा प्रेषक ज्या तारांतून वीज घेतो, त्याच तारांतून आपले मापनही कळवितो. मोजावयाची राशी किमान असता तो ४ मिलिअँपिअर व कमाल असता २० मिलिअँपिअर धारा वाहू देतो. पुरवठ्याचे धन टोक, प्रेषक, कक्षातील २५० ओहमचा रोधक आणि पुरवठ्याचे ऋण टोक, असे हे मंडल पूर्ण होते. रोधकावर १ ते ५ व्होल्टचे विभवांतर उत्पन्न होते, व ग्राहकयंत्र तेच वाचते. संदेश धारेच्या रूपात असल्यामुळे तारेच्या लांबीने तो बिघडत नाही. मात्र त्यास मर्यादा आहे. प्रेषकास किमान १२ व्होल्ट लागत असतील, तर २० मिलिअँपिअरच्या वेळी तारा व रोधक यांचा एकूण रोध ६०० ओहमपेक्षा अधिक असून चालणार नाही.

आता साखर कारखान्याच्या बाष्पकगृहात असे आठ प्रेषक आहेत असे समजू. प्रत्येक मंडलातील घटक एकसर जोडावेत, आणि आठही मंडले पुरवठ्याशी परस्परांना समांतर जोडावीत. दोन प्रेषक एकाच मंडलात एकसर बसविता येत नाहीत, कारण त्या एकाच धारेचे मूल्य ठरविण्याचा अधिकार दोघेही सांगू लागतील. बिघाडाच्या वेळची वाढीव धारा धरून प्रत्येकी २२ मिलिअँपिअर हिशेबात घेतल्यास आठांस १७६ मिलिअँपिअर लागतात. पुरवठा त्याहून पुरेसा मोठा असावा. प्रत्येक शाखेस स्वतंत्र फ्यूजही हवा. अन्यथा एका मंडलातील तारा परस्परांस चिकटल्यास आठही प्रेषक एकदम मुके होऊ शकतात.

खरी अडचण परतीच्या तारेची आहे. आठही रोधकांची खालची टोके एका पट्टीवर आणून तेथून पुरवठ्याच्या ऋण टोकापर्यंत एकच तार नेली, आणि ग्राहकयंत्राचे शून्य मात्र थेट त्या ऋण टोकास बांधले, तर त्या सामाईक तारेवरील विभवांतर प्रत्येक वाचनात मिसळते. तिचा रोध अर्धा ओहम असून आठही धारा २० मिलिअँपिअर असतील, तर ही भर ०.०८ व्होल्ट, म्हणजे ४ व्होल्टच्या पल्ल्याच्या २ टक्के होते. स्क्रू सैल होऊन रोध ५ ओहम झाला, तर हीच चूक २० टक्क्यांवर जाते. शिवाय ती स्थिर नसते. इतर सात प्रेषक काय सांगत आहेत यावर ती अवलंबून राहते. या आठांत बाष्पकातील पाण्याची पातळी सांगणारा एक प्रेषक असेल, तर पाणी वस्तुतः असेल त्याहून अधिक दिसेल आणि नियंत्रक पाणी कमी सोडील. यातील धोका स्पष्ट करून सांगावयास नको. उपाय साधा आहे : प्रत्येक रोधकाची परतीची तार स्वतंत्रपणे एकाच बिंदूपर्यंत आणावी व ग्राहकयंत्राचे शून्यही त्याच बिंदूस बांधावे, किंवा प्रत्येक रोधकाच्या दोन्ही टोकांमधील विभवांतर वाचणारे ग्राहकयंत्र वापरावे.

येथे परिभाषेचा प्रश्न येतो. ‘शून्य’, ‘कॉमन’, ‘निगेटिव्ह’ आणि ‘अर्थ’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सहज येतात. वस्तुतः त्यांच्यामागे तीन भिन्न संकल्पना आहेत. पहिली मापनाचे शून्य. ते ४ मिलिअँपिअर होय, धारेचा अभाव नव्हे. ‘घर पडले’ या वाक्यात प्रथमेचा प्रत्यय दिसत नाही, तरी त्या अभावासही व्याकरणात अर्थ आहे. तारेच्या भाषेत अभावास मापनाचा अर्थ देणे परवडत नाही, कारण तुटलेली तारही अभावच दाखविते. म्हणूनच नामुर या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीत ३.६ मिलिअँपिअर व त्याखालील, तसेच २१ मिलिअँपिअर व त्यावरील धारा ही मापन न मानता बिघाडाची खूण मानली आहे. दुसरी संकल्पना पुरवठ्याचे ऋण टोक. विभवांतरे ज्याच्या सापेक्ष मोजावयाची तो हा संदर्भबिंदू. तिसरी भूमी. संदर्भबिंदू भूमीस जोडावयाचा असल्यास तो एकाच ठिकाणी जोडावा. दोन ठिकाणी जोडल्यास जमिनीच्या दोन बिंदूंमधील विभवांतरामुळे उपऱ्या धारा संदेशाच्या तारेत शिरतात.

या तिहींस अनुक्रमे ‘मापनशून्य’, ‘संदर्भबिंदू’ आणि ‘भूसंपर्क’ अशी नावे योजावीत, असे सुचवावेसे वाटते. आराखड्यावर ‘कॉमन’ एवढेच लिहिले असता कारागीर ती तार जवळच्या कोणत्याही पट्टीस बांधू शकतो. ‘संदर्भबिंदू’ असे लिहिल्यास ती कोठपर्यंत न्यावयाची हे नावातूनच कळते.