स्वस्त व्हेप किती दिवस चालते? दुकानदाराने मांडायचा हिशेब

पर्यटनाचा मोसम सुरू झाला की मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात नव्या मालाची चौकशी होऊ लागते. गॉगल, टोप्या, टी-शर्ट, मोबाइलचे चार्जर यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वस्तू दबक्या आवाजात विचारली जाते. ती म्हणजे व्हेप, अर्थात ई-सिगारेट. माझा धंदा कापडाचा. या मालाशी माझा काही संबंध नव्हता. पण आखातातून सुट्टीवर आलेल्या भाच्याने एके दिवशी दहा नगांचा खोका गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाला, "मामू, एका नगात पाच हजार झुरके आहेत. गिऱ्हाइकाला महिनाभर पुरते. रुमालांच्या शेजारी ठेवा, हातोहात जाईल." महिनाभर पुरते हे कोणी मोजले, असे मी विचारले. खोक्यावर छापले आहे, एवढेच उत्तर त्याच्याकडे होते.

ताक्यावर छापलेले मीटर वाचून कापड घेणारा व्यापारी बाजारात फार काळ उभा राहत नाही. ताका उलगडून मोजावा लागतो. म्हणून हा मालही उलगडून पाहू.

आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने बनवली. आज जगातला बहुतेक माल चीनच्या शेनझेन शहरातून निघतो. आत फार काही नसते. एक लिथियमची बॅटरी, तारेचे छोटे वेटोळे किंवा जाळी, तिला लागून कापसाची वात आणि त्या वातीत मुरलेला द्रव. द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फळाचा किंवा पुदिन्याचा स्वाद. तोंडाने ओढले की हवेचा दाब ओळखणारी चकती बॅटरी चालू करते, तार तापते, द्रवाची वाफ होते. आपल्या आजीच्या कंदिलाचाच हा प्रकार म्हणा. तेल, वात आणि उष्णता. फरक इतकाच की कंदिलात तेल संपले की आपण पुन्हा भरतो. स्वस्त व्हेप मात्र तेल संपले की फेकायची, अशाच हिशेबाने बांधलेली असते.

आता झुरक्यांचा आकडा. ब्रिटनमध्ये फेकून देण्याच्या व्हेपमध्ये जास्तीत जास्त २ मिलिलिटर द्रव घालण्याची परवानगी होती आणि अशा नगावर साधारण ६०० झुरके असे लिहिलेले असे. दोन मिलिलिटर म्हणजे वजनाने सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. त्याला ६०० ने भागले तर एका झुरक्याला पावणेचार मिलिग्रॅम द्रव येतो. हा झुरका यंत्राने घेतलेला, लहान आणि बेताचा. माणूस त्याहून लांब ओढतो आणि एका वेळी पाच मिलिग्रॅम सहज संपवतो. शिवाय वातीत मुरलेला शेवटचा भाग कधीच पूर्ण निघत नाही. तो सुकू लागला की कापूस करपतो, जळका वास येतो आणि गिऱ्हाईक नग फेकून देते. तेव्हा ६०० चे चारशे-साडेचारशे होतात. दिवसाला दीडशे झुरके घेणाऱ्याला कागदावर चार दिवस मिळायला हवेत, हातात तीनही धड मिळत नाहीत.

भाच्याच्या खोक्यातला माल मोठा होता. पाच हजार लिहिलेल्या नगात साधारण १२ मिलिलिटर द्रव असतो, म्हणजे पावणेचौदा ग्रॅम. छापील आकडा खरा मानला तर झुरक्याला पावणेतीन मिलिग्रॅम येतात. इतका हलका झुरका कोण घेतो? साडेचार मिलिग्रॅम धरा, पाच हजारांचे तीन हजार उरतात. दीडशेच्या हिशेबाने वीस दिवस, अडीचशेच्या हिशेबाने बारा दिवस. भाचा स्वतः त्यातलीच एक वापरत होता. घरी आला त्या दिवशी नवी काढली होती. अकराव्या दिवशी तिला करपलेल्या कापसाचा वास येऊ लागला आणि बाराव्या दिवशी ती बंद. महिना कुठे गेला, असे मी विचारले नाही. त्याचे त्यालाच कळले.

सिगारेट ओढणारा माणूस एका सिगारेटीचे दहा-बारा झुरके घेतो आणि ती संपते. हात थांबतो. बिडीचेही तसेच, कट्टा मोजून घेता येतो आणि किती उरल्या ते दिसते. व्हेपला शेवट नाही. गाडी चालवताना, मोबाइल पाहताना, अंथरुणावर पडल्या पडल्या माणूस ओढत राहतो. म्हणून दिवसाला शंभर झुरके म्हणणारा प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे जातो. कमी टिकते या तक्रारीतला मोठा वाटा इथला आहे. निकोटिनची सवय जडली की हा आकडा खाली येत नाही, वर चढतो.

काही जण म्हणतात, फेकायची घेऊ नये, चार्ज करून पुन्हा भरायची घ्यावी, ती स्वस्त पडते. थोडेफार खरे आहे. पण तिथेही टिकण्याची मुदत तीन वेगळ्या गोष्टींची आहे आणि विकणारा फक्त सर्वांत लांब मुदत सांगतो. लिथियम बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा चार्ज होईपर्यंत बरी चालते. रोज एकदा चार्ज केली तर वर्षभर किंवा थोडी जास्त. तारेचे वेटोळे मात्र एक ते दोन आठवडे. गोड स्वादाचा द्रव असेल तर त्याहून आधी, कारण गोडी तारेवर साखरेच्या पाकासारखी जळून बसते. आणि तिसरी गोष्ट जोडाची. ज्या फटीत भांडे बसते तिथून द्रव झिरपतो, दाब ओळखणाऱ्या चकतीवर जातो आणि मग नग आपोआप चालू राहतो किंवा चालूच होत नाही. स्वस्त मालात बहुतेक वेळा बॅटरी शाबूत असते आणि जोड गेलेला असतो. कापडातही असेच होते. सूत चांगले असते, शिलाई कच्ची असते, आणि गिऱ्हाईक कापडाला नावे ठेवते.

आपल्या किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर पडते. पावसाळ्याचे चार महिने आणि समुद्रावरचे दमट वारे चार्जिंगच्या खाचेतले पत्रे हिरवे करतात. मालवणात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, खाच साफ करण्यात त्याची अर्धी सकाळ जाते. मोबाइलला तो निदान उघडता येतो. स्वस्त व्हेपचे कवच एकदा दाबून बंद केलेले असते, त्याला स्क्रू नसतो. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे किंवा होडीत उन्हात राहिली तर द्रव पातळ होऊन गळतो आणि बॅटरी फुगते. फुगलेली लिथियम बॅटरी खिशात ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, महिन्याऐवजी बारा दिवस चालते. मग गिऱ्हाईक लवकर परत येईल, दुकानदाराचा फायदाच आहे. इथेच खरा मामला आहे.

भारतात हा माल बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. बनवणे, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात, सर्व बंद. पूर्ण नगच नव्हे, त्याचा सुटा भागही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवण्यासाठी जाणूनबुजून जागा देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शेवटचे कलम व्यापारी बंधूंनी दोनदा वाचावे. मित्राचा खोका दोन दिवस गोदामात राहू दे म्हणून जागा देणारा, ज्याला त्यातून एक पैसा मिळालेला नाही, तोही यात येतो. मोबाइलच्या स्टेटसवर माल आल्याचा फोटो टाकणे हीसुद्धा जाहिरातच, कारण कायद्याच्या व्याख्येत इंटरनेट आणि समाजमाध्यमे आलेली आहेत. फौजदार दर्जाच्या किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला झडती आणि जप्तीचा अधिकार आहे.

बांद्याकडची मुले सांगतात की पत्रादेवीच्या पलीकडे गोव्यात मिळते, म्हणजे तिथे चालते. मिळणे आणि चालणे यांत फरक आहे. कायदा केंद्राचा आहे, गोव्याला वेगळा नाही. आखाताबद्दलही तोच गोंधळ. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून ठरावीक मानकांप्रमाणे विक्रीला परवानगी आहे, कतारमध्ये बंदी आहे. दुबईच्या दुकानातून पावती घेऊन घेतलेला खोका मोपाच्या विमानतळावर उतरला की तो बंदी असलेल्या मालाची आयात होतो. भाच्याला हे ठाऊक नव्हते. आपल्या घरोघरच्या मुलांना ठाऊक नाही.

आणि टिकण्याचा प्रश्न पुन्हा इथेच येऊन मिळतो. जिथे माल कायदेशीर आहे तिथे द्रव किती, निकोटिन किती, हे तपासणारे कोणी असते. इथे माल कायद्याच्या बाहेर, म्हणून बिल नाही, गॅरंटी नाही, ग्राहक मंचाकडे जायची सोय नाही. पाच हजारांचे दहा हजार छापले तरी विचारणारा कोणी नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वाफ ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा झाल्याची मोठी साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसे दगावली. दोष मुख्यतः चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या नळ्यांचा आणि त्यात मिसळलेल्या एका तेलकट पदार्थाचा निघाला. माल तोच नव्हे, पण आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसणे, ही गोष्ट तीच.

समजा नग १२०० रुपयांना गेला आणि गिऱ्हाइकाच्या हातात बारा दिवस चालला. रोजचे शंभर रुपये. तो पर्यटक असेल तर पुण्याला निघून जाईल. गावातला असेल तर सहाव्या दिवशी गळकी व्हेप घेऊन चारचौघांत दुकानावर येईल. तुम्ही बदलून दिली तर नफा गेला, नाही दिली तर तो रागाच्या भरात कोणाला काय सांगेल याचा भरवसा नाही. दोन-तीनशे रुपयांच्या नफ्यासाठी लाखाचा दंड आणि कैदेची टांगती तलवार, हा सौदा कापडाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मी खोका गल्ल्यावरून उतरवला, दुकानाबाहेर न्यायला लावला आणि भाच्याला वकिलाकडे धाडले. तो दोन दिवस रुसून होता. त्याने पैसे घातले होते, त्यातला एक रुपयाही परत आला नाही.

बंद पडलेली व्हेप मात्र टेबलावर राहिली. ती कचऱ्यात टाकावी म्हणून पत्नीने उचलली, मी थांबवले. या नगांतली बॅटरी मेलेली नसते. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये फेकून दिलेल्या व्हेपमधल्या बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा त्या पुढे शेकडो वेळा चार्ज होऊ शकतात असे दिसले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे ५० लाख व्हेप फेकल्या जात होत्या, आणि १ जून २०२५ पासून तिथे एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. घंटागाडीत अशी बॅटरी दाबली गेली किंवा कोणी कचऱ्याबरोबर जाळली तर भडका उडतो. किनाऱ्यावर पर्यटकांनी टाकलेली सापडली तर मुलांना ती फोडू देऊ नये. पाण्यात टाकू नये, तोंडाला लावू देऊ नये, कारण उरलेल्या द्रवातले निकोटिन लहान मुलाला विषासारखे आहे. आमची ती व्हेप कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. ई-कचरा घेणारी गाडी येईल तेव्हा द्यायची.